व्होल्गाच्या पोटातलं इंजिन

तालायने मुद्दाम डिकी रिकामी ठेवून गाडी आणली होती. आईचं शिवणयंत्र, बाबांची औषधांची पेटी, दोन-चार गाद्या, एवढं तरी पहिल्या खेपेला राजधानीतल्या आपल्या घरी, बिश्केकला जाईल असं त्याने धरलं होतं. कोचकोरच्या घराच्या फाटकातून तो आत शिरला आणि जागच्या जागी थांबला.

अंगणात बाबांची जुनी व्होल्गा मोटार जबडा उघडून उभी होती. तिचं बॉनेट भिंतीला टेकवलेलं, खाली जाड लोकरीच्या नमद्याची घडी, ओरखडा उठू नये म्हणून. गाडीच्या तोंडावर तीन वाशांची तिकाटी, तिला चेनपुली, आणि चेनला लोंबकळणारं एक भलंमोठं काळं इंजिन. गाडीखालून दोन बूट बाहेर आले होते. ते बूटही तालायचेच, त्याने टाकून दिलेले.

"एसेन!"

बूट हलले. धाकटा भाऊ सरपटत बाहेर आला. तोंड काळंकुट्ट, पण हसरं. "आलास दादा? बरं झालं. जरा ती बत्ती धर."

"हे काय चाललंय?"

"इंजिन बदलतोय."

"ते दिसतंय. कुठलं इंजिन आहे हे?"

"नारीन लाइनची मिनीबस नदीत घसरली होती, आठवतं? माणसं वाचली, गाडीचा चेंदामेंदा झाला. तिचं. डिझेल, पाच सिलिंडर. आपल्या व्होल्गापेक्षा वीस वर्षांनी तरुण."

"व्होल्गात मिनीबसचं इंजिन बसतं?"

"बसतं," एसेन म्हणाला. "जवळजवळ."

भिंतीजवळ बाबा खुर्ची टाकून बसले होते. डोक्यावर पांढरी नमद्याची टोपी, गुडघ्यावर घोंगडी. तेमिरकुल डॉक्टर म्हटलं की कोचकोरपासून वरच्या कुरणांपर्यंत सगळे ओळखायचे, गुरांचा डॉक्टर म्हणून. मागच्या हिवाळ्यात एका मेंढपाळाच्या वस्तीवरून परतताना व्होल्गाचं इंजिन घाटात फुटलं. ते बर्फातून चालत खाली आले आणि पडले. न्युमोनिया झाला. दवाखान्यातून घरी आले ते निम्मे होऊन.

त्या वेळी तालायने उशाशी बसून सांगितलं होतं, "पुरे झालं आता. दोघं माझ्याकडे चला." बाबा नाही म्हणाले. तो "हो म्हणा" म्हणाला. शेवटी तालाय चिडून म्हणाला होता, "मे महिन्यात येतो. तोवर तुमची व्होल्गा किझार्ट घाट चढली तर राहा इथेच. नाही चढली तर मुकाट्याने सामान बांधायचं." तेव्हा व्होल्गा मेलेलीच होती. अट घालायला त्याचं काही जात नव्हतं.

"ये, बस," बाबा म्हणाले. "तुझ्या भावाने मिनीबस घरात आणली. उद्यापासून मला तिकिटं फाडायला बसवणार म्हणतो."

"तुम्ही होऊ दिलंत हे?"

"मला कोण विचारतं? माझी बायको चहा करून पाजते त्यांना, माझी सून वायरी जोडते. मी आपला प्रेक्षक."

पण तालायने पाहिलं, बाबांनी खुर्ची अशी लावली होती की इंजिन, तिकाटी आणि रस्ता तिन्ही दिसावेत.

*

झिपार व्होल्गाच्या पुढच्या सीटवर आडवी पडून स्टिअरिंगखाली डोकं घालून होती. ती एसेनची बायको. शाळेत पदार्थविज्ञान शिकवायची, पण लहानपण बालिकची गावात वडिलांच्या गॅरेजमध्ये गेलेलं. नव्या इंजिनाला जेवढ्या वायरी हव्या होत्या तेवढ्या जुन्या गाडीत नव्हत्याच, म्हणून तिने अख्खं जाळं नव्याने विणलं होतं आणि प्रत्येक वायरीला रंगीत लोकरीचा धागा बांधला होता. तापमानाचा जुना काटा नव्या इंजिनाशी बोलेना, तर तिने मिनीबसचाच काटा आणून स्टिअरिंगखाली पट्टीने बसवला.

बाहेर दोघा भावांचा आवाज चढला तशी ती उठून बसली.

"बॉनेट कसं लागणार?" तालाय विचारत होता. त्याने वाकून मोजलं होतं. "एवढ्या उंचीवर इंजिन राहिलं तर चार बोटं वर येतंय."

"म्हणून म्हणतो, बॉनेटला वरून भोक पाडू. मिनीबसचा पत्रा आहे, वर टोपीसारखा बसवू."

"बॉनेटला हात लावायचा नाही," खुर्चीतून आवाज आला.

"बाबा, एक छोटंसं..."

"एसेन, माझ्या पोटाला भोक पाड. तिच्या बॉनेटला नाही."

झिपार गाडीतून उतरली. आता आपण बोललं पाहिजे हे तिला कळत होतं, पण त्यात एक अडचण होती. त्यांच्याकडे सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही. नाव तर नाहीच, नावात दडलेला शब्दही नाही. आणि तेमिरकुलमधलं तेमिर म्हणजे त्यांच्या भाषेत लोखंड. आता लोखंडाचं नाव न घेता मोटार दुरुस्त करायची म्हणजे पीठ न म्हणता रोट्या लाटण्यासारखं. लग्न होऊन आली तेव्हापासून झिपार लोखंडाला 'कडक' म्हणायची. शाळेत मुलांना शिकवताना मात्र शब्द सरळ यायचा, आणि घरी आल्यावर तिला उगाच अपराधी वाटायचं.

"दादा," ती तालायला म्हणाली, "इंजिन उंच राहतंय ते खालच्या चेंबरमुळे. तेलाचं चेंबर पुढच्या आडव्या बीमवर टेकतंय. बीम कापला तर चाकं जातील. चेंबरचा पुढचा भाग कापून मागे नेला, तर इंजिन खाली बसेल. पण ते कडक... म्हणजे तो पत्रा, पातळ आहे. जाळ जास्त लागला की भोक पडतं."

"मग?"

"मग काय! मी जोडलंय की," एसेन म्हणाला आणि कापून जोडलेलं चेंबर पुढे केलं.

तालायने ते हातात घेतलं. सांध्याला आतून खडू फासलेला होता. त्याने कोपऱ्यातलं घासलेट उचललं, बाहेरून सांध्यावर ओतलं आणि चेंबर उन्हाकडे धरलं. पांढऱ्या खडूवर एक ओला ठिपका उमटला. मग दुसरा. मग ठिपक्यांची ओळच लागली.

"हा सांधा आहे का चाळण?"

"दादा, तू घरं बांधतोस. तुला काय कळतं यातलं?"

तालायने चेंबर खाली ठेवलं. झिपारने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला वाटलं, एसेनने नको ते म्हटलं. घरं बांधायची कंपनी काढायच्या आधी तालायने दूर उत्तरेला मुरमान्स्कच्या गोदीत जहाजांना वेल्डिंग केलं होतं. त्याने त्या दिवसांबद्दल आईखेरीज घरी कोणाला काही सांगितलं नव्हतं; झिपारला ते सासूकडून कळलं होतं. नवऱ्याला तेवढंच ठाऊक होतं, की दादा तिकडून पैसे पाठवायचा आणि त्या पैशांत एसेनचं शिक्षण झालं.

"मुखवटा कुठे आहे?" तालायने विचारलं.

"कसला?"

"वेल्डिंगचा. आणि बारीक रॉड आण, हे जाड नको. हा सांधा पूर्ण तासून काढावा लागेल."

"तू आम्हाला मदत करणार?" एसेन म्हणाला. "हरशील ना अट!"

"मी मदत करत नाहीये. मला असलं काम बघवत नाही, बस."

त्याने चांगला शर्ट काढून फाटकावर टाकला. झिपारने शेडमधून मुखवटा आणून दिला. पुढे बराच वेळ अंगणात निळा उजेड थांबून थांबून चमकत राहिला. तालाय एका जागी जास्त वेळ राहत नव्हता. इथे एक टाका, मग दुसऱ्या टोकाला एक, पत्रा गार होऊ द्यायचा, मग मधे एक. आई शिवताना कापड आधी कच्च्या टाक्यांनी धरते, अगदी तसं. झिपारला वाटलं, हा माणूस सबंध दिवस गप्प राहू शकेल आणि तरी त्याचं सगळं कळेल.

बाबांनी खुर्ची दोन हात पुढे सरकवून घेतली.

सांध्याला नवा खडू फासून घासलेट पुन्हा ओतलं. खडू कोरडाच राहिला. एसेनने बोट फिरवून पाहिलं. "दादा, हे तर कारखान्यातून आल्यासारखं दिसतंय."

"कारखान्यातलं याहून वाईट असतं," तालाय म्हणाला, आणि आल्यापासून पहिल्यांदा हसला.

*

आईने, बुरुलकानने, अंगणातच सतरंजी टाकली. बोर्सोकच्या, तळलेल्या पिठाच्या वड्यांचा ढीग घातला होता, वाटीत घट्ट साय, मधे मटण परतून केलेलं कुर्डाक. मुलांची काळी बोटं बघून ती रागावली नाही. तिला बरं वाटत होतं, दोघं एका ताटात जेवत होते. गेली कितीतरी वर्षं ते एकमेकांशी फोनवर बोलायचे ते फक्त आई-बाबांच्या तब्येतीबद्दल, तेही भांडल्यासारखे.

"आज बसवू," एसेन तोंडात घास ठेवून म्हणाला. "उद्या सकाळी घाट. दादा, तू पण चल. तुझ्या डोळ्यांनी बघ आणि मग रिकाम्या डिकीने घरी जा."

"बघू. चढली तर," तालाय म्हणाला. पण त्या आवाजात आता जोर नव्हता. तो सारखा मान वळवून चेंबरकडे बघत होता. "झिपार, इंजिनाखालचं पुढचं फाउंडेशन रबराचं घेतलंस ना? डिझेल फार थरथरतं."

"घेतलंय दादा."

बुरुलकानने सर्वांना चहा ओतला. मग किटली खाली ठेवली.

"तुमचं झालं का ठरवून?" ती म्हणाली.

"काय आई?"

"मला कुठे न्यायचं, कुठे ठेवायचं ते. चढली तर इथे, नाही चढली तर तिथे. तुमच्या अटीत मी कुठल्या बाजूला आहे ते मला अजून कोणी विचारलं नाही."

एसेन म्हणाला, "आई, तुला थोडंच जायचंय! तू तर आमच्या बाजूची."

"कोण म्हणालं?"

"म्हणजे..."

"मला हिवाळ्यात बिश्केकला जायचंय," बुरुलकान म्हणाली. "तालायच्या घरी नळाला गरम पाणी येतं. मी तिथे आठ दिवस राहिले होते तेव्हा एकदाही माझी बोटं दुखली नाहीत. नातीला माझी भाषा धड येत नाही, तिला गोष्ट सांगायला घेतली की ती मोबाइलमध्ये शब्द शोधते. मी इथे सगळा हिवाळा बर्फ फोडून पाणी तापवते. तुमच्या बाबांना गुरं दिसतात, घाट दिसतो. मला बादली दिसते."

तेमिरकुलने पेला हातात धरला होता तो तसाच राहिला. "हे तू मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही घरी असायचात कधी? आणि असलात की कोणीतरी फाटकाशी घोडं बांधून उभंच."

तालायची गंमत झाली. सकाळी आला तेव्हा त्याला आईकडून एवढा एक शब्द हवा होता. आता तो शब्द आला आणि त्याला तो घेता येईना. "आई, पण... म्हणजे इंजिन बसतंय आता. जवळजवळ बसलंच आहे."

"बसू दे की. मी कुठे नको म्हटलं? तूच बसवतोयस." तिने बोर्सोकची परात त्याच्याकडे सरकवली. "खा. वाळलायस."

झिपारने मान खाली घातली, हसू लपवायला.

*

दुपारी नवं चेंबर लावलेलं इंजिन गाडीत बसवायचं होतं. तेमिरकुल खुर्चीत बसून बघत होता, पण त्याचं लक्ष लागत नव्हतं. बादली, ती म्हणाली. बर्फ फोडते, म्हणाली. इतकी वर्षं तो शपथेवर सांगू शकला असता की घोडीचं पोट दुखतंय हे त्याला तिच्या कानांवरून कळतं. बायकोची बोटं दुखतात हे त्याला आज जेवताना कळलं.

जुनं इंजिन नमद्यात गुंडाळून पॉपलरच्या झाडाखाली ठेवलं होतं. त्याच्याकडे बघताना वाईट वाटेल असं त्याला वाटलं होतं. तेवढं वाटलं नाही. त्याने आयुष्यभर जनावरं मरताना पाहिली होती आणि त्याच दिवशी दुसरी जन्मतानाही. मुलं आणि सून मिळून जे करत होती ते त्याला मनापासून आवडलं होतं, फक्त तसं बोलून दाखवायची त्याला सवय नव्हती. एसेन, ज्याच्या हातून लहानपणी एक खिळा सरळ ठोकला गेला नाही, त्याने उरलेला सगळा हिवाळा त्या नदीत बुडालेल्या इंजिनाचा तुकडा न् तुकडा सुटा करून, धुऊन, पुन्हा जोडला होता. आणि तालाय, जो तासाभरात निघणार होता, तो आता व्होल्गाच्या जबड्यात कोपरापर्यंत हात घालून उभा होता.

"सोड, सोड... हळू... अजून," तालाय म्हणत होता. एसेन चेन सोडत होता. झिपार मागच्या बाजूने गिअरबॉक्स धरून दिशा देत होती. इंजिन बोटाबोटाने खाली येत होतं. तालायचा उजवा हात इंजिन आणि बीम यांच्या मधे होता, बोल्टचं भोक चाचपत.

सकाळी तिथेच भांडी घासली होती. जमीन ओली होती. तिकाटीचा तेमिरकुलकडचा वासा सरकू लागला, आधी अगदी सावकाश.

झिपारने ते पाहिलं. ती गाडीच्या पलीकडे होती, तिचे दोन्ही हात अडकलेले होते. तिने तोंड उघडलं, आणि त्या क्षणी तिला 'बाबा'ही सुचलं नाही, 'कडक'ही नाही.

"तेमिरकुल!" ती ओरडली. "तेमिरकुल, वासा!"

त्याला स्वतःचं नाव असं कोणी हाकारून किती वर्षं झाली होती! आई-वडील गेले, थोरले भाऊ गेले, बरोबरीचे गेले. बाकी सगळ्यांना तो डॉक्टर होता, बाबा होता. नाव कानावर पडलं आणि तो विशीतल्या मुलासारखा उठला. घोंगडी कुठे पडली, खुर्ची कुठे, त्याला कळलं नाही. त्याने सरकणाऱ्या वाशाला खांदा लावला आणि पाय जमिनीत रोवले, उधळलेल्या बैलाला भिंतीशी दाबतात तसे. वासा थांबला. इंजिन एकदा झुललं, चेन करकरली.

"हात काढ!" तो गरजला.

तालायने हात काढला. एसेनने चेन सैल सोडली आणि इंजिन खाली बसलं. फाउंडेशनच्या रबरावर, बरोबर जागेवर, एक जाड आवाज करून.

तालाय आपल्या हाताकडे बघत होता, बोटं उघडत होता, मिटत होता. तेमिरकुल अजून वाशाला टेकून उभा होता, धापा टाकत.

झिपारने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. गाल काळ्या तेलाने माखले. "बाबा, माफ करा... माझ्या तोंडून..."

मग दारातून बुरुलकानचं हसू ऐकू आलं. ती पोट धरून हसत होती. "मी जन्मभर अहो, अहो करत राहिले, हे खुर्चीतून उठले नाहीत! आता कळलं, कसं उठवायचं ते!"

एसेनही हसायला लागला, मग तालाय. तेमिरकुलने टोपी झटकून डोक्यावर घातली, सुनेकडे गेला.

"पोरी, हाताने काम करणाऱ्या माणसाच्या तोंडात शब्द अडकू नये. आजपासून लोखंडाला लोखंड म्हण. मला चालेल."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. लोकांचा मुलगा नव्हता इंजिनाखाली."

तालायने वाकून पाहिलं. मग भिंतीजवळचं बॉनेट उचलून आणलं. दोघा भावांनी ते वरून ठेवलं, दाबलं. खट् करून लागलं. चार बोटं तर सोडाच, एका नखाचीही फट राहिली नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी व्होल्गा सुरू झाली तेव्हा शेजारची कुत्री भुंकत बाहेर आली. जुनं इंजिन खोकायचं, मग गुणगुणायचं. हे नवं आधी घशातल्या घशात गुरगुरलं आणि मग एका लयीत ठोके देत राहिलं. झिपार बॉनेटवर तळहात ठेवून ऐकत होती. "थरथर कमी आहे," ती म्हणाली. "लोखंड नीट बसलंय." आणि शब्द तोंडातून गेल्यावर स्वतःच लाजली.

स्टिअरिंगवर बाबा, शेजारी आई. मागे दोघे भाऊ आणि मधे झिपार, कारण तापमानाचा काटा तिथूनच नीट दिसत होता. गावाबाहेर पडताच रस्त्याकडेला एक बाई दोन पोती घेऊन उभी होती. तिने लांबूनच आवाज ऐकून हात केला, पोतीही उचलली. व्होल्गा समोर आली तशी ती गोंधळून बघत राहिली.

"बघा," बाबा म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं? तिकिटं फाडावी लागणार."

घाट सुरू झाला. दोन्ही बाजूंना वितळता बर्फ, मधूनच हिरवं. बाबांना गिअर बदलायची सवय मोडवत नव्हती. जिथे जुनी गाडी दम टाकायची तिथे हात आपोआप दांडीवर जायचा.

"बाबा, बदलू नका," एसेन म्हणाला. "तशीच राहू द्या. ओढेल."

"या वळणावर?"

"या वळणावर."

त्यांनी हात मागे घेतला. व्होल्गा तशीच, आवाज न चढवता, वळण चढून गेली. पुढच्या वळणाला बाबांचा हात दांडीवर गेलाच नाही. झिपार काट्यावरून नजर काढत नव्हती. काटा वर सरकला, थोडा अजून सरकला आणि थांबला. तालाय मागच्या खिडकीतून रस्ता बघत होता. बाबा बर्फात चालत खाली आले तो हाच रस्ता. आपण इथून कितीदा तरी भरधाव गेलो, पण ते अंतर पायांनी किती होतं हे त्याच्या आजच लक्षात आलं.

माथ्यावर बाबांनी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं नाही. वारा होता, पलीकडे जुमगालची दरी उघडी पडली होती.

"चढली," एसेन म्हणाला.

"चढली," तालाय म्हणाला. त्याने हात पुढे केला, एसेनने तो धरला, आणि मग दोघांनाही तो लगेच सोडवेना.

तेवढ्यात खालच्या कुरणावरून एक घोडेस्वार ओरडत वर आला. कापार नावाचा मेंढपाळ. "कोण आहे? डॉक्टर? मी मिनीबस समजून आलो होतो, कोचकोरला निरोप द्यायला! घोडी अडलीय, डॉक्टर. कालपासून. शिंगरू आडवं आहे."

बाबांनी कोणाकडेही न बघता गाडी खालच्या पायवाटेवर घातली.

तालायने वडिलांना काम करताना लहानपणी पाहिलं होतं, तेव्हा ते त्याला साधं वाटायचं. आता तो घोडीचं डोकं धरून बसला आणि बघत राहिला. बाबांनी शर्ट काढला, दंडापर्यंत साबण लावला आणि जमिनीवर, थंड गवतावर, कुशीवर पडले. दवाखान्यात ज्या छातीतून श्वास फुटत नव्हता ती छाती आता घोडीच्या श्वासाबरोबर वरखाली होत होती. ते तिच्याशी हळू आवाजात बोलत होते. कळा आल्या की थांबायचे, ओसरल्या की आत चाचपायचे. ओठ निळे पडले तरी हात बाहेर काढला नाही. "पाय सापडला," मधेच म्हणाले. बऱ्याच वेळाने, "दुसरा." मग एसेन आणि कापार दोरी ओढू लागले, बाबा म्हणतील तेव्हाच, तेवढंच, आणि शिंगरू गवतावर घसरून आलं. ओलं, लांब पायांचं, गप्प. बुरुलकानने पुढे होऊन आपल्या शालीने त्याचं नाक पुसलं, जोराने चोळलं. त्याने शिंक दिली.

घोडीने मान वळवली. तालायने तिचं डोकं सोडलं.

बाबांना उठवायला दोघे मुलगे लागले. त्यांचे हात कोपरापासून कापत होते. एसेनने आपला कोट त्यांच्या अंगावर टाकला. कापारच्या बायकोने गरम चहा आणला तो पेला त्यांच्या तोंडाला झिपारला लावावा लागला.

"बाबा," तालाय म्हणाला, "मी हरलो. राहा तुम्ही इथे."

बाबांनी चहा गिळला. "उन्हाळाभर राहणार. कापारच्या अजून चार घोड्या गाभण आहेत." मग बायकोकडे पाहिलं. ती ओढ्याच्या पाण्यात शाल पिळत होती, बोटं लाल झाली होती. "ऑक्टोबरात पहिला बर्फ पडला की बिश्केकला येऊ. वसंतात परत. हिला गरम पाणी पाहिजे."

बुरुलकान वळली. "आणि तुम्ही?"

"मी काय करणार तिथे? नातीला घोड्याच्या अवयवांची नावं शिकवीन. आपल्या भाषेत."

ती शाल पिळत राहिली, पण पाण्याबाहेर येऊन.

गाडीपाशी आल्यावर बाबांनी स्टिअरिंगकडे पाहिलं, आपल्या हातांकडे पाहिलं. दोन्ही मुलगे पुढे सरकले. बाबांनी किल्ली झिपारच्या हातात ठेवली.

"मी?" ती म्हणाली. "बाबा, तुमच्या गाडीला कधी कोणी..."

"उतार आहे. ब्रेकवर पाय ठेवून राहू नको, गिअरमध्ये ठेवून इंजिनावर सोड. तुझ्याएवढं त्याला कोण ओळखतं?"

झिपारने सीट पुढे ओढली. बुरुलकान तिच्या शेजारी बसली आणि ओली शाल मांडीवर पसरली. तेमिरकुल आयुष्यात पहिल्यांदा आपल्या गाडीत मागे बसला, दोन मुलांच्या मधे. पहिल्या वळणाला तो उडाला. दुसऱ्या वळणाला त्याने सीट खालून चाचपली.

"ही मागची सीट इतकी कडक आहे?" तो म्हणाला. "मला कधी कोणी सांगितलं नाही."

"मी सांगितलं होतं," बुरुलकान पुढे बघतच म्हणाली. "तालायच्या वेळी बाळंतपणाला दवाखान्यात जाताना आणि एसेनच्या वेळी. दोन्ही वेळा ओरडून सांगितलं."

"मग मी काय म्हणालो?"

"म्हणालात, इंजिन ऐकू दे."

मागे कोणीतरी खुदकन हसलं. तेमिरकुलने उजवा हात एका मुलाच्या खांद्यावर टाकला, डावा दुसऱ्याच्या, आणि घाट संपायच्या आत झोपी गेला.